ओवीचा श्रोता

जुन्या मराठी घरांतील स्त्रियांच्या बंदिस्त जीवनाचें चित्र काव्यांत शोधूं लागलें, म्हणजे प्रथम निराशाच पदरीं पडते. दाराला कडी होती, गोषा होता, माजघराचा उंबरठा ओलांडण्यास मज्जाव होता, असें उघडपणें सांगणारीं गाणीं फार थोडीं. जें रोजचेंच, त्याचा वेगळा उच्चार कोण करणार? म्हणून गाण्यांत काय वर्णिलें आहे यापेक्षां तें कोणाला उद्देशून गाइलें आहे, हें पाहावें. घराची कोंडी तेथें दिसूं लागते.

महाराष्ट्री प्राकृतांतील ‘गाथासप्तशती’ हा या भूमींतील फार जुना काव्यसंग्रह. सातवाहन राजा हाल याच्या नांवावर असलेल्या या सुमारें ७०० गाथांपैकीं कितीतरी स्त्रीमुखीं आहेत. तेथें सून घरांत आहे, सासूचा डोळा तिच्यावर आहे, आणि दाराशीं वाटसरू आला तर त्याच्याशीं तिला आडवळणानेंच बोलावें लागतें. नवव्या शतकांत आनंदवर्धनानें ‘ध्वन्यालोकां’त ध्वनीचें विवेचन करतांना अशा प्राकृत गाथा उदाहरणादाखल घेतल्या. शब्द एक आणि अभिप्राय दुसरा, यांत रसिकांना काव्याची खुमारी वाटली. त्या सुनेची मात्र ती गरज होती.

तरीही गाथेंतील सून बहुधा रसिकांच्या कल्पनेंतून बोलते. जात्यावरची ओवी ही खुद्द घरांतल्या बाईची. घर निजलेलें असतां ती पहाटे दळावयास बसे, आणि जात्याच्या घरघरीच्या आड तिचा स्वर निघे. सासूला किंवा पतीला जें सांगतां येत नसे, तें ती जात्याला सांगे. त्यालाच देव मानी. त्याखेरीज तिचे श्रोते म्हणजे पंढरीचा विठ्ठल आणि दूर माहेरचा भाऊ. ओव्यांतील भावाची अपार स्तुति वाचून, जुनें कुटुंबजीवन किती गोड होतें, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. भाऊ मुराळी होऊन येईल, तेव्हांच तिला माहेर दिसे. ज्याच्या येण्यानें दार उघडतें, त्याची ती आळवणी आहे. प्रेम खरें, आणि त्यामागचें वाट पाहणेंही तितकेंच खरें.

हा बंदिवास सर्वत्र सारखा नव्हता. कित्येक सरदारघराण्यांतील स्त्रिया गोषांत असत. शेतकऱ्याची बायको रानांत राबे. खानदेशांतील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना कोणीं घरांत कोंडलें नव्हतें. पण त्यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. काम करतां करतां सुचलेलीं त्यांचीं गाणीं चिरंजीव सोपानदेव व घरच्या मंडळींनीं टिपून ठेवलीं, म्हणून तीं उरलीं. पुस्तकरूपानें निघालीं तीं १९५२ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर. पायांना रान मोकळें होतें. शब्दांना मात्र घराबाहेर पडावयास एक आयुष्य लागलें. जिचीं गाणीं कोणीं टिपलींच नाहींत, अशा बायकांची गणती कोण करील?

पुढें पिठाच्या गिरण्या गांवोगांवीं आल्या आणि जातीं कोपऱ्यांत पडलीं. श्रम वांचले, हें उत्तमच झालें; परंतु त्यांबरोबर ओवीही मुकी होऊं लागली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनीं सहकाऱ्यांसह खेडोपाडीं हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि गाणारणींचीं नांवेंगांवेंही नोंदून ठेवलीं. दगडाला सांगितलेल्या गोष्टीला, उशिरां कां होईना, माणूस श्रोता मिळाला. आतां त्या ओवीच्या गोडव्यावरच संतुष्ट न राहतां तिच्यांतील गाऱ्हाणेंही ऐकणें, एवढें ऋण त्या श्रोत्याच्या माथीं उरतें.