फाटक एकच हवं

पहिली डॉक्टर, पहिली वकील, पहिली वैमानिक अशा याद्या आपल्याला पाठ असतात. मला त्यांचा थोडा कंटाळा येतो, कारण त्या 'पहिली'पाशीच थांबतात. म्हणून आज बेसी कोलमनबद्दल बोलताना मला एका फाटकाची गोष्ट सांगायची आहे.

बेसी १८९२ साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये जन्मली. ती लहान असतानाच वडील घर सोडून गेले. तिनं कापूस वेचला, लोकांचे कपडे धुतले. साठवलेल्या पैशांत कॉलेजचं एकच सत्र झालं. पुढं शिकागोला एका केशकर्तनालयात ती गिऱ्हाइकांच्या नखांची निगा राखायचं काम करू लागली. महायुद्धाहून परतलेला भाऊ तिला चिडवायचा, फ्रान्समधल्या बायका विमानं उडवतात, तुम्हाला कुठलं जमायला!

अमेरिकेतल्या विमानशाळांनी तिला घेतलं नाही. ती काळी होती, आणि बाई होती. 'शिकागो डिफेन्डर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे रॉबर्ट अ‍ॅबट यांनी तिला फ्रान्सला जायला सुचवलं. ती फ्रेंच शिकली, १९२० मध्ये तिकडे गेली आणि १५ जून १९२१ रोजी तिनं वैमानिकाचा आंतरराष्ट्रीय परवाना मिळवला. असा परवाना मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

परतल्यावर हवाई कसरतींचे खेळ करून ती पोट भरू लागली. वॉक्सहॅची या तिच्या लहानपणीच्या गावी खेळ ठरला, तेव्हा गोऱ्यांना एक फाटक आणि काळ्यांना दुसरं, अशी व्यवस्था होती. वेगळा पाणवठा ठाऊक असलेल्या आपल्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको. बेसीनं बजावलं, फाटक एकच असेल तरच उडेन. संयोजकांना ऐकावं लागलं. आत बसायच्या जागा मात्र वेगळ्याच राहिल्या.

कुणी म्हणेल, हा अर्धाच विजय. पण पैशांची कायम ओढाताण असलेल्या बाईनं आपली कमाई पणाला लावली होती, हे विसरू नका.

काळ्या मुलामुलींसाठी विमानशाळा काढायचं तिचं स्वप्न होतं. ३० एप्रिल १९२६ रोजी जॅक्सनव्हिलला ती सरावासाठी वर गेली. विमान तिचा मेकॅनिक चालवत होता. वाकून खालची जागा पाहता यावी म्हणून तिनं पट्टा बांधला नव्हता. एक पाना यंत्रणेत अडकला, विमान उलटलं आणि ती बाहेर फेकली गेली. मेकॅनिकही वाचला नाही. बेसी तेव्हा चौतीस वर्षांची होती.

शाळा राहूनच गेली. पण १९२९ साली लॉस एंजेलिसला तिच्या नावाचा विमान क्लब निघाला. १९९२ मध्ये अवकाशात गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रीनं, मे जेमिसननं, बेसीचा फोटो सोबत नेला होता.

मैत्रिणींनो, आपल्या सभेला कोण येतं, कोण दारातूनच परत जातं, आणि आत आलेली कुठं बसते, हे आज घरी जाण्यापूर्वी एकदा पाहूया.