ट्रॅक्टरचा हीटर प्लग आम्ही बदलला

डिसेंबरात तोरणमाळ, डाबकडे थंडी कडाक्याची पडते, आणि खाली शहादा-तळोद्याच्या सपाटीवरही सकाळी जुने ट्रॅक्टर रुसतात. आमच्या बचतगटाचा रुसला. भाड्याची कामं खोळंबली, तीन दिवस धक्का मारून चालू केला. बैठकीत नवी बॅटरी घ्यायची, त्यासाठी कर्ज काढायचं, इथपर्यंत बोलणं गेलं. तेव्हा आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "अगं, सेल्फ तर जोरात फिरतो. मग बॅटरीचा काय दोष?"

बरोबर होतं. इंजिन जोरात फिरत होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत होता. म्हणजे डिझेल पोहोचत होतं, पण पेटत नव्हतं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली की तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटतं. काही जुन्या इंजिनांत डिझेल आधी एका छोट्या खोलीत फवारलं जातं. गार सकाळी त्या खोलीच्या भिंती उष्णता ओढून घेतात. म्हणून तिथे एक हीटर प्लग असतो. त्यालाच ग्लो प्लग म्हणतात. 1960च्या दशकात मुंबईच्या कांदिवलीत बनू लागलेल्या बी-275 ट्रॅक्टरच्या मूळ इंजिनात असेच प्लग होते. आजच्या बहुतेक ट्रॅक्टरांना ते नसतातच, तेव्हा आधी आपल्या इंजिनाला ते आहेत का, हे पाहून घ्या.

आता वायरिंग. इथेच पैसे वाचतात किंवा बुडतात. जुन्या पद्धतीत चारही प्लग दिवाळीच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. एक जळला की चारही थंड. प्रत्येक प्लग जेमतेम दोन व्होल्टचा. नंतरच्या पद्धतीत प्रत्येक प्लगला बॅटरीचा करंट वेगळा मिळतो. तिथे एक गेला तर बाकीचे तापतात, इंजिन कुरकुर करत चालू होतं. माळेतला प्लग थेट बॅटरीला लावला तर क्षणात जळतो. म्हणून दुकानात जाताना जुना प्लग बरोबर न्या आणि अंगावरचा व्होल्टचा आकडा दाखवा.

आमची माळच होती. गिअर न्यूट्रलला घातला, ब्रेक लावला. एकीने चावी हीटवर धरली, सेल्फ मारायचा नाही असं तिला बजावलं. दुसरीने 12 व्होल्टच्या बल्बची एक वायर इंजिनच्या लोखंडाला धरली आणि दुसरी पहिल्या प्लगच्या टोकाला. बल्ब पेटला. दुसऱ्या प्लगच्या अलीकडे पेटला. पलीकडे विझलेला. म्हणजे करंट तिथेच तुटला होता. मधली पट्टी घट्ट होती, म्हणून प्लगच गेलेला. (शेवटच्या प्लगचं दुसरं टोक इंजिनलाच जोडलेलं असतं, तिथे बल्ब पेटत नाही, आम्ही आधी त्यालाच दोष देत होतो!)

मग बॅटरीची अर्थची वायर काढली. हे पहिलं काम, विसरू नका. प्लगभोवतीची माती पुसली, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. प्लग जाम होता. जोर केला असता तर टोक आतच तुटलं असतं, मग हेड उतरवायचा खर्च. आम्ही थोडं डिझेल टाकून रात्रभर ठेवलं, सकाळी पाना हलका-हलका मागे-पुढे केला आणि सुटला. नवा प्लग आधी बोटांनी फिरवून बसवला, मग पान्याने, बेताने. अभ्रकाचे वॉशर होते तसेच परत लावले. ते राहिले तर करंट भलतीकडे जातो.

आणखी एक गोष्ट सापडली. कुणीतरी मागे घरातली बारीक वायर जोडली होती, तिचं वेष्टण वितळलेलं. घरचा 500 वॅटचा मिक्सर दोन-अडीच अँपिअर ओढतो, हे चार प्लग मिळून 40च्या आसपास ओढतात. जाड वायर आणि नीट दाबलेली थिंबल पाहिजेच.

एक मिस्त्री म्हणाला होता, जळलेल्या प्लगला तार जोडून पुढे चला. तसं केलं तर उरलेल्या तिघांवर जास्त व्होल्ट येतात आणि तेही जळतात. डॅशबोर्डवरची तार नेहमीपेक्षा पांढरट, भगभगीत दिसली तर समजा कुठेतरी असंच काही झालंय. तापलेल्या प्लगवर पेट्रोलचा बोळा किंवा स्प्रे कधीच मारू नका, भडका उडतो. आणि चाकापुढे उभं राहून सेल्फच्या टोकांना पाना लावून चालू करू नका. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर अंगावर येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावी हीटवर धरून सगळ्यांनी मिळून 25 मोजले. तार लालसर झाली. सेल्फ मारला, दुसऱ्याच फेऱ्याला इंजिन धडधडलं. मावशींनी तो जळका प्लग गटाच्या पेटीत, वहीशेजारी ठेवलाय. पुढच्या वेळी दुकानात तोच दाखवायचा.