तेराव्या दिवसानंतर

घरांत मृत्यु झाला म्हणजे तेरा दिवस घर माणसांनीं भरलेलें असतें. शेजारणी पिठलेंभात पाठवितात, दहाव्याला कावळा शिवतो कीं नाहीं याकडे साऱ्यांचे डोळे लागतात, आणि गेलेल्या माणसाची हकीकत दिवसांतून दहा वेळां सांगितली जाते. चौदाव्या दिवशीं जो तो आपल्या कामाला लागतो. दुःखाला खरी सुरुवात होते ती तेव्हां. आणि ऐकणारें नेमकें तेव्हांच कोणी नसतें.

या ऐकण्याची गरज वैद्यकाच्या ध्यानांत येण्यास एक दूरची दुर्घटना बरीचशी कारण झाली. २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्रीं अमेरिकेंतील बॉस्टन शहरांत ‘कोकोनट ग्रोव्ह’ नांवाच्या नाइट-क्लबाला आग लागून ४९२ माणसें मेलीं. त्या आगींतून वांचलेले, मृतांचे आप्त व इतर मिळून १०१ शोकग्रस्तांची निरीक्षणें एरिक लिंडमन या मनोविकारतज्ज्ञानें १९४४ सालीं प्रसिद्ध केलीं. गळा आवळल्यासारखा होणें, श्वास अपुरा पडणें, सुस्कारे, पोटांत पोकळी, अंगांतील त्राण नाहींसें होणें, अशा लाटा वीस मिनिटांपासून तासभर टिकत, आणि मृताचा नुसता उल्लेख झाला तरी उसळत. म्हणून माणसें सांत्वनास येणाऱ्यांनाच टाळूं लागत. डोळ्यांतून टिपूस न काढतां जो कामाला लागतो त्याला लोक धीराचा म्हणतात. लिंडमनला अशा कित्येकांचा शोक पुढें भलत्याच रूपानें बाहेर पडलेला दिसला. आठ-दहा भेटींत, चार-सहा आठवड्यांत, साध्या शोकाची घडी बसते हा त्याचा अदमास मात्र फारच आशावादी ठरला.

इंग्लंडांत १९५९ सालीं मार्गारेट टॉरी यांनीं विधवांकरितां ‘क्रूज’ ही संस्था काढली. इकडे नवरा गेलेल्या बाईला पेन्शनचे कागद विचारणारे पुष्कळ भेटतात. त्याच्याविषयीं विचारणारा क्वचितच.

घरचीं माणसें असतांना परक्याकडे कशाला जावें, हा प्रश्न रास्त आहे. पण आई मुलासाठीं रडूं आंवरते, मुलगा आईसाठीं. एकमेकांना जपतां जपतां गेलेल्याचें नांवच घरांतून नाहींसें होतें. समुपदेशकापुढें कोणाला जपावें लागत नाहीं. ‘देवाची इच्छा’ म्हणून तो विषय संपवीत नाहीं. शेवटच्या दिवशीं काय झालें तें तो विचारतो. ‘वेळेवर दुसऱ्या डॉक्टरकडे नेलें असतें तर?’ ही टोचणी, आणि गेलेल्या माणसाचा आलेला रागसुद्धां, तेथें उघड बोलतां येतो.

सर्वांनाच याची गरज नसते. बहुतेकांचा शोक आप्तेष्टांच्या आधारानें हळूहळू सौम्य होतो, आणि सरसकट सर्वांना समुपदेशन देऊन फारसा लाभ होत नाहीं असेंच अभ्यासकांना आढळलें आहे. परंतु सहा महिने उलटून, समाजाच्या रीतीला धरून असेल त्याहूनही अधिक काळ, तीच ओढ रोज जाळीत राहिली, कामधाम अशक्य झालें, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणांत त्यास विकार म्हणून स्वतंत्र स्थान आहे व त्यावर उपचार आहेत. स्वतःच्या जिवाचें बरेंवाईट करण्याचा विचार मनांत आला तर सहा दिवसही थांबूं नये.

भारत सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनि-सेवा ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू झाली. क्रमांक १४४१६, रात्रंदिवस, विनामूल्य, मराठींतही. शोकाकुल माणसाला स्वतः फोन उचलवत नसेल, तर घरांतील दुसऱ्या कोणीं केला तरी चालतो.