बांध एकाचा, पाणी साऱ्यांचं



आज आपण मातीच्या बांधाविषयी बोलू. एखादा शेतकरी आपल्या रानात ओढ्याला आडवा मातीचा बांध घालतो. पावसाचं पाणी अडतं, जमिनीत मुरतं. बांधाखालच्या विहिरींना पाणी वाढतं. गुरांची तहान भागते. बांधाचा मालक एक, पण लाभ अनेकांना.

मात्र मातीच्या बांधाला एक गोष्ट सोसत नाही. त्याच्या माथ्यावरून पाणी वाहू लागलं, की ते माती कापत जातं. बघता बघता खिंडार पडतं. म्हणून बांधाच्या एका अंगाला सांडवा ठेवतात. जादा पाणी त्यातून निघून जातं. सांडवा हा बांधाचा प्राण आहे.

सांडव्याची हेळसांड केली तर काय होतं? अमेरिकेत घडलेली हकीकत ऐका. पेनसिल्व्हानिया राज्यात साउथ फोर्क इथं मातीचं एक धरण होतं. उंची ७२ फूट. ते आधी सरकारी होतं, पुढं खाजगी झालं. १८७९ साली धनिकांच्या एका क्लबानं ते घेतलं. तळाचे पाणी सोडायचे लोखंडी नळ आधीच्या मालकानं काढून विकले होते. क्लबानं ते पुन्हा बसवले नाहीत. गाड्या जाव्यात म्हणून धरणाचा माथा खाली आणला. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या.

३१ मे १८८९ रोजी मुसळधार पाऊस पडला. जाळ्यांत काटक्या, पाला अडकला. पाणी माथ्यावरून वाहिलं आणि धरण फुटलं. १४ मैल खाली जॉन्सटाउन शहर होतं. तिथं लोंढा पोचला. २,२०९ माणसं मेली. मासे क्लबाचे होते, मरण मात्र खालच्या लोकांना आलं. आणि कोर्टात क्लबाला दोषी ठरवलं गेलं नाही.

आपले बांध त्या मानानं फार लहान. पण पाण्याची रीत तीच. म्हणून पावसाळ्याआधी एवढं करा :

सांडवा मोकळा करा. त्यात जाळी, कूड, कुंपण काही ठेवू नका.

बांधावर झाडं वाढू देऊ नका. मुळांच्या वाटेनं पाणी शिरतं. गवत मात्र राहू द्या, ते माती धरून ठेवतं.

उंदीर-खेकड्यांची बिळं चांगली माती ठोकून बुजवा.

माथा कुठं खचला असेल तर भर घालून सारखा करा.

पावसाळ्यात बांधाच्या पायथ्याशी रोज फेरी मारा. नितळ पाणी पाझरत असेल तर त्यावर नजर ठेवा. गढूळ पाणी येऊ लागलं तर समजा, आतून माती वाहते आहे. मग वेळ घालवू नका. आधी खालच्या वस्तीला हाक द्या, माणसं-गुरं उंचावर न्या. मग जाणकाराला बोलवा.

बांध आपल्या सातबाऱ्यावर असेल. पण तो फुटला तर पाणी सातबारा विचारत नाही. म्हणून मालकानं राखण करावी, आणि खाली राहणाऱ्यांनी विचारपूस करावी. त्यात कुणी राग मानू नये.