अन्न नाकारणारा पाहुणा

(वन्यजीव सप्ताहानिमित्त महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सापाविषयी बोलताना प्रथम कायदा सांगणे हे माझे कर्तव्य ठरते. नाग, धामण, घोणस, अजगर हे आपल्याकडील साप पकडणे अथवा घरी बाळगणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये गुन्हा आहे. पश्चिम आफ्रिकेतील बॉल पायथनसारखे परदेशी साप बाळगणाऱ्यांवरही २०२२ च्या दुरुस्तीने नोंदणीचे बंधन आले आहे.

माझ्या पुतण्याने असा एक बॉल पायथन रीतसर नोंद करून घरी आणला. चार दिवस लोटले, तरी साप काही खाईना. माझ्या वृद्ध आईने नागपंचमीच्या श्रद्धेने वाटीभर दूध पुढे ठेवले. पुतण्या तर दिवसातून दहादा पेटी उघडी, सापाला हातात घेई आणि तोंडाशी उंदीर धरी. साप दरवेळी वेटोळ्यात डोके लपवी. अखेर एका रात्री पुतण्याने चिमट्याने त्याचा जबडा उघडून उंदीर आत सरकवला. सकाळी तो ओकलेला आढळला. सापाच्या हिरडीतून रक्त येत होते.

पशुवैद्यांनी जखमेवर उपचार केले आणि एकच प्रश्न विचारला, "पेटी कोठे ठेवली आहे?" पेटी होती वातानुकूलित दिवाणखान्यात, दूरदर्शन संचाशेजारी, चारही बाजूंना काच आणि आत लपायला कोपरा नाही.

मित्रहो, सापाच्या शरीराला स्वतःची ऊब निर्माण करता येत नाही; त्याचे पचन बाहेरच्या उष्णतेवर अवलंबून असते. बॉल पायथनच्या पेटीची एक बाजू सुमारे ३१ ते ३२ अंश सेल्सिअस आणि दुसरी २६ अंशांच्या आसपास असावी. दोन्ही बाजूंना अंग चिकटून बसेल असे अरुंद आडोसे असावेत. स्वच्छ पाणी सदैव असावे. नव्या सापाला पहिला आठवडाभर हात लावू नये. त्यानंतर, त्याच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढाच, बर्फातला पूर्ण वितळवून कोमट केलेला उंदीर सायंकाळनंतर लांब चिमट्याने दाखवावा. नाकारल्यास तो काढून घ्यावा आणि पुन्हा आठवड्याने प्रयत्न करावा. जिवंत उंदीर पेटीत सोडू नये. तो सापालाच कुरतडतो. डोळे दुधाळ दिसू लागले, की कात टाकण्याचा काळ समजावा. तेव्हा उपास स्वाभाविक आहे. निरोगी प्रौढ बॉल पायथन कित्येक महिनेही उपाशी राहू शकतो. मात्र वजन सतत घटू लागल्यास किंवा श्वासाला आवाज येऊ लागल्यास पशुवैद्यांकडे जावे. दूध हे सापाचे अन्नच नव्हे; ते त्याला पचत नाही. गारुड्याचा साप दूध पितो, तो तहानेने व्याकूळ केलेला असतो.

पुतण्याने पेटी शांत खोलीत हलवली, आडोसे केले, काचेवर कापड टाकले आणि जखम भरेपर्यंत वाट पाहिली. सव्विसाव्या रात्री सापाने उंदीर घेतला. त्या क्षणी पुतण्या खोलीच्या दाराशी उभा होता. आत जाण्याचा मोह त्याने आवरला. महिन्याभरात तो शिकला ते एवढेच.

आपण प्रेम म्हणून जे करतो, ते पुष्कळदा आपल्याच अस्वस्थतेचे समाधान असते. मुक्या जिवाची भूक आपल्या घड्याळावर चालत नाही. त्याला ऊब द्यावी, आडोसा द्यावा आणि एकांत द्यावा. एवढा धीर ज्याच्यापाशी नाही, त्याने साप रानातच पाहावा, तोही दुरून.