वेष्टनांतला शिपाई

संग्रहाची हौस मनुष्याला फार जुनी आहे. कोणी तिकिटें जमवितो, कोणी नाणीं, कोणी जुने अडकित्ते आणि दिवे. या यादींत गेल्या कांहीं दशकांत एका नव्या पदार्थाची भर पडली आहे आणि ती पाहून पुष्कळ वडीलधाऱ्यांना हसूं येतें. हा पदार्थ म्हणजे हालत्या सांध्यांचा, प्लास्टिकचा, वीतभर किंवा त्याहूनही लहान असा शिपाई, अवकाशवीर अथवा राक्षस. इंग्रजींत त्याला ‘ॲक्शन फिगर’ म्हणतात. संसारांत स्थिरावलेले गृहस्थ हे बाहुले जमवितात, त्यांची परीक्षणें लिहितात आणि दुसऱ्यांनीं लिहिलेलीं परीक्षणें आवडीनें वाचतात. परंतु हसण्यापूर्वीं हा छंद समजून घेण्यासारखा आहे. वस्तूची किंमत आणि वस्तूची पारख या दोन गोष्टी किती भिन्न आहेत, हें त्यांत फार स्वच्छ दिसतें.

या बाहुल्याचा पूर्वज शिशाचा शिपाई होय. लंडन येथील विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यानें 1893 मध्यें पोकळ शिपाई ओतण्याची युक्ति काढली. शिसें कमी लागूं लागलें, किंमत उतरली आणि मध्यम स्थितींतील घरांतून पलटणींमागून पलटणी उभ्या राहिल्या. एच्. जी. वेल्स यांच्यासारख्या नामांकित ग्रंथकारानें 1913 मध्यें या शिपायांच्या लुटुपुटीच्या लढायांचे नियम सांगणारें ‘लिटल वॉर्स’ हें पुस्तकच प्रसिद्ध केलें. परंतु हा शिपाई ज्या पवित्र्यांत ओतला, त्याच पवित्र्यांत जन्मभर उभा राही. त्याच्या खांद्यावरची बंदूक कधीं खालीं येत नसे.

ती खालीं आणण्याचें काम अमेरिकेंत झालें. ऱ्होड आयलंड राज्यांतील हॅस्ब्रो कारखान्यानें 1964 मध्यें ‘जी. आय. जो’ नांवाचा सुमारें 12 इंच उंचीचा शिपाई बाजारांत आणला. मूळ कल्पना स्टॅन वेस्टन यांची. ती मूर्त स्वरूपांत आणण्याचें श्रेय कारखान्यांतील डॉन लेव्हिन यांजकडे जातें. चित्रकार अभ्यासासाठीं सांध्यांची एक लाकडी आकृति वापरतात. तसली आकृति पाहून लेव्हिन यांना मार्ग सांपडला. जो याची मान, खांदे, कोपर, मनगटें, गुडघे, घोटे, सर्व कांहीं वळत असे. मुलाच्या हातीं आतां केवळ शिपाई आला नाहीं, तर शिपायाची हालचालही आली. मनुष्याच्या आकृतीवर कोणा एकाला मक्ता सांगतां येत नाहीं, म्हणून त्याच्या गालावर एक व्रण ठेवण्यांत आला. शिवाय एका अंगठ्याचें नख चुकीनें आंतल्या बाजूस कोरलें गेलें होतें, तेंही तसेंच राहूं दिलें. नक्कल करणारा हीं व्यंगेंही उतरून घेईल आणि पकडला जाईल, असा त्यांत हिशेब होता.

या शिपायाला नांव देतांना मोठीच पंचाईत पडली. पांच वर्षांपूर्वीं, 1959 मध्यें, बार्बी ही बाहुली बाजारांत आली होती. मुलगे बाहुलीशीं खेळतील काय, अशी व्यापाऱ्यांना धास्ती होती. मराठींत बाहुलीशेजारीं बाहुला पूर्वींपासून सुखानें नांदत आहे. दोघांचें लग्नही घरोघर लागत असे. इंग्रजींत मात्र ‘डॉल’ या शब्दाला मुलींच्या खेळाचा वास. तेव्हां ‘ॲक्शन फिगर’ हा नवा शब्द बनविण्यांत आला आणि कारखान्यांत ‘डॉल’ शब्द उच्चारण्याची जणू बंदी झाली. पुढें हा वाद न्यायालयांतही गेला, कारण अमेरिकेंत बाहुलीवरील आयात जकात इतर खेळण्यांहून अधिक होती. जी. आय. जो ही कायद्यानें बाहुलीच आहे, असें वरिष्ठ न्यायालयानें 1989 मध्यें ठरविलें. उलट 2003 मध्यें दुसऱ्या एका खटल्यांत ‘एक्स-मेन’ मंडळींचे बाहुले केवळ मनुष्याचें रूप दाखवीत नाहींत, सबब ते बाहुल्या नसून खेळणीं आहेत, असा निकाल झाला. जकातीच्या एका कलमापायीं न्यायाधीशांना मनुष्यत्वाची व्याख्या पाहावी लागली!

दुसरें वळण आकाराचें. आपल्याकडे दिवाळींत मुलें मातीचा किल्ला करितात, तेव्हां गडाच्या दरवाज्यापेक्षां मावळा उंच, असा प्रकार नेहमींच दिसतो. 12 इंची शिपायालाही तीच अडचण होती. त्याला शोभेल असें विमान करावयाचें तर तें खोलींत मावणार नाहीं. 1977 च्या मे महिन्यांत ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट अमेरिकेंत झळकला. त्याचीं खेळणीं करण्याचा हक्क सिनसिनाटी येथील केनर कारखान्याकडे होता. केनरनें बाहुल्याची उंची सुमारें पावणेचार इंच ठेविली; म्हणजे यानांत वीर बसूं शकला आणि यान मुलाच्या हातांत राहूं शकलें. परंतु नाताळपर्यंत माल तयार होईना. तेव्हां केनरनें रिकामें पाकीटच विकलें! आंत एक चित्राचा पुठ्ठा आणि एक प्रमाणपत्र. तें पाठविलें कीं 1978 मध्यें चार बाहुले टपालानें घरीं येत. हा बाहुला मान, दोन खांदे आणि दोन मांड्या एवढ्या पांचच ठिकाणीं हाले. तरीही मुलांनीं त्याला आपलेंसें केलें.

येथून संग्रहाची गोष्ट सुरू होते. पुठ्ठ्यावर पारदर्शक आवरणांत बाहुला चिकटविलेला असे. आवरण फाडल्यावांचून खेळ नाहीं, हें उघडच आहे. परंतु पुठ्ठा कापण्याची सोयही कारखानदारांनींच केली होती. केनरच्या पुठ्ठ्यावरील चार खुणा कापून पाठविल्या तर ‘बोबा फेट’ नांवाचा नवा बाहुला फुकट मिळे. 1982 मध्यें जी. आय. जो पावणेचार इंचांचा होऊन पुन्हां अवतरला, तेव्हां प्रत्येक शिपायाचें नांव, जन्मस्थान आणि कामगिरी सांगणारी चिठ्ठी पुठ्ठ्याच्या पाठीवर छापलेली असे. ती कात्रीनें कापून जपून ठेवावी, हीच अपेक्षा. या चिठ्ठ्यांतील मजकूर लॅरी हामा या लेखकानें इतक्या गमतीनें लिहिला कीं, त्या निर्जीव तुकड्यांना स्वभाव आले. म्हणजे आज जो संग्राहक अखंड पुठ्ठ्यासाठीं शेंकडों डॉलर मोजतो, तो वस्तुतः त्या मुलाच्या खेळण्याच्या अभावासाठीं मोजीत असतो.

याची परमावधि बोबा फेटच्या गोष्टींत झाली. त्याच्या पाठीवरून उडणारा अग्निबाण मिळेल, अशी जाहिरात 1979 मध्यें झाली होती. परंतु त्याच सुमारास दुसऱ्या एका खेळण्यांतील उडता बाण घशांत अडकून एक लहान मूल दगावलें. केनरनें बाण पक्का बसवून मगच बाहुला पाठविला. बाण उडविणारे जे थोडे नमुने कारखान्यांत तयार झाले होते, त्यांपैकीं एक 2024 मध्यें अमेरिकेंतील लिलांवांत 5 लाख 25 हजार डॉलरला गेला. जें खेळणें कोणत्याही मुलाला मिळालें नाहीं, त्याची किंमत सर्वांहून अधिक!

अशा आंकड्यांनीं भोळ्या लोकांचे डोळे दिपतात. 1995 मध्यें ‘स्टार वॉर्स’चे बाहुले पुन्हां निघूं लागले, तेव्हां हजारों प्रौढ ग्राहकांनीं ते पुढें सोन्याच्या मोलानें जातील या आशेनें न उघडतां माळ्यावर रचून ठेविले. आज त्यांपैकीं बहुतेकांना मूळ किंमत येणेंही कठीण. कारण साधें आहे. जुने बाहुले दुर्मिळ झाले, ते मुलांनीं चावले, मोडले, वाळूंत पुरले म्हणून. जें सगळेच जपून ठेवितात, तें दुर्मिळ कसें होणार?

तरीही संग्राहकांत दोन पंथ उरले आहेतच. एक पंथ वेष्टन उघडीत नाहीं. त्यांच्या सोयीसाठीं मूल्यमापन करणाऱ्या संस्था आहेत; त्या पुठ्ठ्याचे कोपरे, आवरणाची चिरण, रंगाचा फिकेपणा तपासून गुण देतात आणि बाहुला कठीण पारदर्शक पेटींत कायमचा बंद करितात. दुसरा पंथ घरीं येतांच वेष्टन उघडतो. परीक्षण लिहिणारा नेहमीं या दुसऱ्या पंथाचा असावा लागतो, कारण बंद आवरणांतून फक्त रंग दिसतो.

चांगला परीक्षक काय पाहतो? प्रथम चेहरा: ज्याचा तो म्हणविला जातो, त्याचें साम्य त्यांत उतरलें आहे काय. मग सांधे: ते किती आहेत, यापेक्षां ते कशासाठीं आहेत. गुडघा वळतो, पण तलवार दोन्ही हातांनीं धरतां येत नाहीं, तर त्या गुडघ्याचा उपयोग काय? सांधा फार सैल असेल तर बाहुला उभा राहत नाहीं आणि फार घट्ट असेल तर पहिल्याच दिवशीं मोडतो. मग रंग: डोळ्याचा ठिपका केसभर सरकला तरी वीराचा वेडा होतो. मग हत्यारें हातांत बसतात कीं गळून पडतात. आणि शेवटीं, मागितलेल्या पैशांत हें सर्व वाजवी आहे काय. अमेरिकेंत 1997 पासून 2011 पर्यंत ‘टॉयफेअर’ नांवाचें मासिकच या विषयाला वाहिलेलें होतें. त्यांत किंमतींचीं कोष्टकेंही असत. परंतु कोष्टक बाजाराचा भाव सांगतें. सांधा टिकेल कीं नाहीं, हें हात सांगतो.

वेष्टनाच्या भक्तांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. 1982 नंतरच्या जी. आय. जो याचें धड आणि पाय एका लहानशा रबरी कडीनें जोडलेले असतात. रबर काळानें सुकतें व तुटतें. मग शिपाई कमरेंतून दुभंगतो. आवरण न फाडलेल्या शिपायाचें रबरही सुकतच असतें. ज्यानें वेष्टन उघडलें, तो मागचा एक स्क्रू काढून नवी कडी बसवितो आणि शिपाई पुन्हां उभा राहतो. ज्यानें उघडलें नाहीं, त्याला व्याधि दिसली तरी उपाय करतां येत नाहीं. ऊन व उष्मा यांनीं पांढरें प्लास्टिक पिवळें पडतें, तेंही बंद पेटी सर्वस्वीं थांबवूं शकत नाहीं.

या जागतिक छंदाचा एक धागा आपल्या किनाऱ्यालाही येऊन मिळतो. फनस्कूल या भारतीय कंपनीनें जी. आय. जो याच्या साच्यांवरून आपल्या देशासाठीं बाहुले काढले, आणि तिचा एक कारखाना गोव्यांत आहे. मूळच्या शिपायाचा अंगरखा ज्या रंगाचा, त्याहून भलत्याच रंगाचा शिपाई कित्येकदां इकडे निघे. 1990 नंतरच्या दशकांत येथील मुलांनीं तोच खरा मानून त्याच्याशीं खेळ केला. आज परदेशांतील संग्राहक त्या रंगभेदांसाठीं हे भारतीय शिपाई हौसेनें शोधतात. आपल्या घरांतून ते कधींच रद्दीवाल्याकडे गेले.

म्हणून ज्या घरांत असा एखादा जुना डबा अद्याप माळ्यावर असेल, त्यांनीं तो टाकण्यापूर्वीं एकदां उघडून पाहावा. बारीक बंदुका आणि शिरस्त्राणें निराळ्या पुडींत बांधावीं, कारण तींच प्रथम हरवतात. बाहुले उन्हापासून दूर ठेवावे. आणि ते कोणाचे, कोणत्या वर्षीं घेतलेले, हें चिठ्ठीवर लिहून ठेवावें. त्यांतून संपत्ति मिळेल, या भ्रमांत मात्र राहूं नये. आणि डबा खालीं काढल्यावर घरांतील लहान मुलानें हात पुढें केला, तर त्यांतला एक शिपाई त्याला जरूर द्यावा. कोणता सांधा सैल झाला आहे, हें तो सर्वांच्या आधीं सांगेल.