उतारवयातील गुडघेदुखी
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या संमेलनात आरोग्यविषयक चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने केली, तेव्हा मी गुडघ्याचा विषय आपणहून मागून घेतला. आपल्याकडे गुडघ्याची आठवण बहुधा बाशिंगाच्या निमित्ताने होते, आणि पलीकडच्या दालनात वधूवरांच्या याद्या चाळणारी मंडळी पाहता ती परंपरा अद्याप खंडित झालेली नाही! परंतु ज्यांची बाशिंगे उतरून चाळीस-पन्नास वर्षे लोटली, त्यांच्या गुडघ्यांविषयी मला आज बोलावयाचे आहे.

आरंभीच एक कबुली देतो. माझ्या आईने गुडघ्याचे गाऱ्हाणे प्रथम सांगितले, तेव्हा मी नुकताच डॉक्टर झालो होतो. "वय झाले, आई. आता जिना चढू नकोस, स्वस्थ बैस," असे मी तिला बजावले. ती माउली मुलाच्या शब्दाबाहेर गेली नाही. प्रथम देवळाची वाट सुटली, मग शेजारचे हळदीकुंकू, अखेरीस अंगण. काही वर्षांतच तिचे जग खाटेपासून न्हाणीघरापर्यंत आकसले. याला तिचा विकार जितका कारण झाला, तितकाच माझा सल्लाही कारण झाला. तो सल्ला आजही घरोघर दिला जातो, म्हणून हे व्याख्यान.

मांडीचे हाड व नडगीचे हाड जेथे मिळतात, तेथे दोहोंच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. ते विरळ होत जाते, सांध्याच्या कडेला हाड वाढते, अधूनमधून सूज येते. यालाच आपण 'झीज' म्हणतो. या शब्दाने मोठा घोटाळा केला आहे. यंत्राचे चाक फिरवावे तितके झिजते, तसाच गुडघाही वापरावा तितका झिजणार, अशी समजूत होते. परंतु सांधा ही सजीव वस्तू आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळते ते सांध्यातील द्रवातून, आणि तो द्रव तिच्यात खेळतो तो हालचालीमुळे. शिवाय गुडघ्याचा खरा पाठीराखा म्हणजे मांडीच्या पुढच्या भागातील स्नायू. माणूस बसून राहिला की हा स्नायू रोडावतो, सांध्यावर ताण वाढतो, वेदना वाढते, आणि वेदनेच्या भयाने माणूस आणखी बसतो. माझी आई याच चक्रात सापडली.

पंचेचाळिशीनंतर चालताना वा जिना चढउतार करताना गुडघा दुखत असेल, आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत ओसरत असेल, तर निदानासाठी बहुधा क्ष-किरण चित्राचीही आवश्यकता नसते. चित्र आणि वेदना यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. तेव्हा चित्र पाहून धीर सोडू नये. मात्र गुडघा एकाएकी लाल होऊन सुजला, तापला, अंगात ज्वर आला, किंवा सकाळचा ताठरपणा तास-तास टिकू लागला, तर दुखणे निराळे असू शकते. अशा वेळी विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे.

उपचारांत पहिला मान व्यायामाचा. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, पाच अंक मोजेपर्यंत धरावा, सावकाश खाली आणावा. असे प्रत्येक पायाने दहा वेळा. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठण्याचा सराव करावा. सपाट जागी रोज चालावे. आरंभी थोडे दुखेल. त्याने सांधा बिघडत नाही. दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेलेच राहिले, तर प्रमाण कमी करावे, व्यायाम सोडू नये. गुण येण्यास काही आठवडे लागतात, आणि व्यायाम चालू असेतोच तो टिकतो.

दुसरा मान वजनाचा. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, शरीराचे वजन एक किलोने घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. २०१३ साली ४५४ स्थूल व्यक्तींवरील दीड वर्षाच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांनी आहार व व्यायाम दोन्ही सांभाळले, त्यांची वेदना केवळ एकच पथ्य पाळणाऱ्यांपेक्षा कमी झाली. आजच्या पंगतीतील जिलबीवर मी अधिक भाष्य करीत नाही.

काठीची लाज बाळगू नये. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा.

औषधांत प्रथम वेदनाशामक मलम वापरून पाहावे. पोटात घ्यावयाच्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण होऊ शकतो, मूत्रपिंड व हृदय यांनाही अपाय संभवतो. त्या वैद्यकीय सल्ल्यावाचून दिवसेंदिवस घेऊ नयेत. विनालेबलाच्या पुड्यांपासून तर दूरच राहावे. तशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचे अनेकदा उघडकीस आले आहे. चार दिवस आराम वाटतो, आणि पुढे चेहरा सुजतो, रक्तातील साखर चढते, हाडे ठिसूळ होतात. ग्लुकोसामाइनच्या गोळ्या घेऊ नयेत, असाच सल्ला अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ साली दिला. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडतो. पण २०१७ सालच्या एका अभ्यासात दर तीन महिन्यांनी दोन वर्षे ते दिल्यावर कूर्चा अधिकच घटली, आणि वेदनेत मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनाहून विशेष फरक दिसला नाही. दुर्बिणीतून सांधा धुण्याची शस्त्रक्रिया लटक्या शस्त्रक्रियेहून सरस नाही, हे २००२ सालीच दिसून आले आहे.

हे सारे मन लावून करूनही रात्रीची झोप उडत असेल, चार पावले टाकणे अशक्य होत असेल, तर कृत्रिम सांधा बसविण्यास भिऊ नये. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार असे शंभरांपैकी सुमारे ८२ सांधे पंचवीस वर्षे टिकतात. भारत सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये या सांध्यांच्या किमतींवर मर्यादाही घातली. तथापि शस्त्रक्रियेनंतरही व्यायाम चुकत नाही, हे ध्यानी असावे.

आता संस्थेला एक विनंती. गतवर्षी येथे असलेली आणि यंदा न दिसणारी वडीलधारी मंडळी आपण क्षणभर आठवून पाहा. सारीच काही परगावी गेलेली नाहीत. हे सभागृह पहिल्या मजल्यावर आहे, जिन्याला एकाच बाजूस कठडा आहे, आणि पंगत जमिनीवर बसते. ज्यांनी वर्गणी गोळा करून ही वास्तू उभारली, त्यांनाच तिचा जिना आज परका झाला आहे. जिन्याला दुसरा कठडा लावावा, पंगतीत एक रांग मेज-खुर्च्यांची असावी, आणि आठवड्यातून एक सकाळ तळमजल्यावर ज्येष्ठांच्या व्यायामवर्गासाठी राखावी. खर्च फार येणार नाही.

आणि तरुणांना एवढेच सांगणे, की घरी गेल्यावर आईला "स्वस्थ बैस" म्हणू नका. "चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ," असे म्हणा, आणि तिच्या पावलाने चाला. मला ते वेळेवर सुचले नाही.